प्रतिसाद: लव्हिंग काउंटीचे दरडोई आकडे

टेक्सासच्या लव्हिंग काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जीडीपी भागिले लोकसंख्या करून जो 'दरडोई' आकडा काढला जातो, तो रहिवाशांची कमाई म्हणून निरर्थक आहे. जीडीपी तेल जिथे निघतं तिथे मोजला जातो, लोकसंख्या राहत्या ठिकाणी. २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं होती, २०१० मध्ये ८२. विहिरींवरचे बहुतेक कामगार बाहेरगावचे, कॅम्पमध्ये राहणारे. त्यांची मोजणी त्यांच्या कायमच्या घरी होते. रहिवाशांची कमाई हवी तर घरगुती उत्पन्नाचा मध्यांक (निम्मी घरं ज्याच्या वर, निम्मी खाली तो आकडा) बघा.

तोही जपून. २०,००० पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीला अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे (जनगणना खात्याच्या नमुना पाहणीचे) फक्त पाच वर्षांचे एकत्रित अंदाज मिळतात, आणि नमुना एवढासा की चार घरं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी उड्या मारते. तक्त्यात अंदाजाच्या शेजारच्या रकान्यात त्रुटीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती वरखाली असू शकतो ते) ९० टक्के विश्वासपातळीवर दिलेली असते. तिला १.६४५ ने भागा, प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) मिळेल. ती अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली, तर तो आकडा सरळ सोडून द्या.

सर्व्हेतल्या रिकाम्या घरांच्या आकड्याचंही तसंच, तोही जपून वाचा: 'रिकामी' म्हणजे ओसाडच नव्हे, हंगामी घरंही त्यातच येतात. उपवर्ग उघडून बघा. रिकाम्या प्रवासी ट्रेलरची (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराची) मात्र तिथे गणतीच नसते. कुणी कायम राहत असेल तरच तो घर धरला जातो.