परदेशातली बस, मेट्रो, होडी: तुमचे किस्से लिहा

औसा रोड:
काल अंबाजोगाई स्टँडवर लातूर गाडी लागली न लागली तोच एका आजोबांनी खिडकीतून आत टोपी टाकली. मग सावकाश चढून टोपी उचलून बसले. आणि मला एकदम बर्लिनची १०० नंबरची बस आठवली.

२०१७. मी तिथं नोकरीला, अण्णा बघायला आलेले. ही १०० नंबर साधी सिटी बस, पण झू स्टेशनपासून अलेक्झांडरप्लात्झपर्यंत जाते. वाटेत टियरगार्टन, संसद, ब्रँडेनबुर्ग गेट सगळं दिसतं, टूरवाल्यांना कशाला पैसे द्यायचे? गाडी डबलडेकर. अण्णांनी वर जाऊन सगळ्यात पुढच्या सीटवर रुमाल टाकला आणि परत खाली आले, कंडक्टर शोधायला!

येताना भुयारी रेल्वे. तिथं गेट नाही, अडवणारं कुणी नाही. माझा महिन्याचा पास, अण्णांचं तिकीट मशीनमधून काढलं. दोन स्टेशनं गेली आणि साध्या कपड्यातले दोघं समोर उभे. तिकिटावर शिक्का नाही म्हणे. फलाटावर एक छोटी पेटी असते, तिच्यात तिकीट घालून तारीख-वेळ छापून घ्यायची. पासवालीला कशाला कधी गरज पडलेली! ६० युरो दंड, साडेचार हजाराच्या आसपास. अण्णा तिकीट हातात धरून विचारायले, "काढलंय की गं. मग कामून?"

तुमचं येऊ द्या. विमान-हॉटेल नको.

पूर्णा जंक्शन:
दंडाचं राहू द्या, रुमालाची जागा जर्मन लोकांनी मानली का ते सांगा आधी 😂

औसा रोड:
मानली! एक बाई आल्या, रुमाल बघितला, मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

निलंगा राईस:
मॉस्को. एमबीबीएसचं पहिलं वर्ष, रशियन वाचता येत नाही, फोन बंद पडलेला, बाहेर उणे अठरा. तिथल्या मेट्रोत स्टेशनची नावं पुकारतात ना, शहराच्या मध्याकडं जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज आणि बाहेर जाणारीत बाईचा. नांदेडचा रूममेट सांगायचा, "साहेब कामाला बोलावतो, बायको घरी बोलावते." त्याच्यावर भरोसा ठेवून बाईचा आवाज ऐकला की बसायचो. एकदा मात्र गोल फिरणाऱ्या लाइनीत बसलो. तिथं घड्याळाच्या दिशेनं पुरुष आणि उलट दिशेनं बाई, म्हणजे साहेब नाही, बायको नाही, नुसती चक्कर. दीड चक्कर मारली. स्टेशनं मात्र राजवाड्यासारखी, झुंबरं बिंबरं. आणि खोल किती, सरकत्या जिन्यावर लोक पुस्तक काढून वाचतात.

मांजराकाठ:
परदेशाचं सोडा, आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद होऊन तीन वर्षं झाली. पोरं शाळेला टमटमनं जायलेत.

पूर्णा जंक्शन:
मुक्कामी गाडी!! ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या पारावर झोपायचे, आमच्या घरून पिठलं-भाकरी जायची त्यांना. कोणतं गाव तुमचं?

मांजराकाठ:
केजकडं.

गंगेकाठचा:
दुबईत ६ वर्षं काढली, साइटवर. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांत स्वस्त करमणूक म्हणजे अब्रा, लाकडी होडी, खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला १ दिरहम. कठडा नाही, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं, डिझेलचा वास. आमच्याकडं पूल व्हायच्या आधी गंगा, म्हणजे गोदावरी, अशीच पार करायचो, फक्त तिथं होडीत सायकल अन् शेळ्या नव्हत्या. कामाचा कंटाळा आला की ३-४ दिरहमच्या चकरा मारायचो. उतरायचं, परत रांगेत, परत बसायचं. नावाडी शेवटी ओळखायला लागला.
मेट्रोत एकदा घाईत बायकांच्या डब्यात शिरलो. १०० दिरहम. म्हणजे शंभर चकरा गेल्या बघा.

उदगीरची लेक:
सिंगापूर, सासूबाई सोबत. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून धपाटे काढले, सोबत शेंगदाण्याची चटणी. डब्यात खाणं-पिणं मना, ५०० डॉलरपर्यंत दंड, समोर पाटीच लावलेली. ड्युरियन नावाच्या फणसासारख्या फळाचं तर वेगळं चित्र, त्यावर काट. मी डोळे वटारते तर त्या म्हणतात, "फणसाला मनाई दिसायली, धपाट्याला कुठंय?" शेजारच्या चिनी आजींनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला, पाटीकडं बोट केलं आणि स्वतःच्या पिशवीतला बंद डबा दाखवला. दोघी हसल्या. पुढच्या स्टेशनावर उतरून, बाहेर येऊन, बाकावर बसून दोघींनी वाटून खाल्लं. भाषा कुणालाच कुणाची नाही. मी उभी, त्यांची पाण्याची बाटली धरून.

औसा रोड:
अगं माय, किती गोड! धपाटे किती दिवस टिकले?

उदगीरची लेक:
५ दिवस. पाणी न घालता दह्यात भिजवायचं पीठ. कांदा नाही.

रात्रपाळी:
टोकियो. यामानोते लाइन, गोल, ३० स्टेशनं, तासाभरात फिरून पुन्हा तिथंच. डुलकी लागली, दोन चकरा झाल्या, कुणी उठवलं नाही. शिंजुकूला मित्र "बाहेर उभाय" म्हणाला. त्या स्टेशनाला २०० च्या वर दरवाजे आहेत. पाऊण तास दोघंही बाहेरच उभे. शिफ्ट आहे, नंतर लिहितो.

बालाघाट:
हाँगकाँगची ट्राम कुणीच लिहिली नाही? १९०४ पासूनची, डबलडेकर, घंटीच्या आवाजावरून डिंग डिंग म्हणतात. मागून चढायचं, पैसे पुढून उतरताना. थेट काळी-पिवळी! उतरल्यावर सुट्ट्यावरून भांडण तेवढं नाही, सुट्टे परत मिळतच नाहीत.

निलंगा राईस:
अण्णा कसे आहेत आता?

औसा रोड:
मजेत. ७७ झाले. एसटीत फुकट आता, कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. ते चष्मा लावून त्यावरची तारीख-वेळ वाचतात आणि घरी येईस्तोवर वरच्या खिशात ठेवतात. "शिक्का आहे बरं का," म्हणतात मला.

पूर्णा जंक्शन:
😂😂 उदगीरताई, धपाट्यात तीळ घालता का वरून लावता?