घाणेरी मुळासकट निघाली तरच

'घाणेरी (जंगलात माजणारं लँटानाचं झुडूप) तोडून पांढरा कोळसा (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करा, जंगल आपोआप मोकळं होईल' असं काहीजण सुचवतात, ते अर्धंच पटलं. कोळसा होईल, पण वरवर तोडलेली घाणेरी बुंध्यातून दुप्पट फुटते. आमच्या बांधावरची मार्चमध्ये कोयत्याने साफ केली होती, दिवाळीला पुन्हा कमरेएवढी! दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत वापरा: जिथून फुटवे येतात त्याच्या खाली, मातीत मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं.

आणि सरळ, लांब काठ्या तरी जाळू नका हो. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक त्या उकळतात, साल सोलतात आणि वेतासारख्या वाकवून खुर्च्या-टेबलं बनवतात.