मदत हवी आहे: पायांना सूज, लघवीला फेस, पण क्रिएटिनिन 'नॉर्मल'. पुढे काय तपासावं?

आई 62 वर्षांची आहे, आम्ही परळला राहतो. मधुमेह जुना, बीपीसाठी रोज अॅम्लोडिपिन. शेजारच्या दोघींबरोबर पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे पहाटेपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभीच असते.

हल्ली संध्याकाळी तिचे घोटे सुजतात. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तो भरायला वेळ लागतो. सकाळी डोळ्यांखालीही फुगलेलं दिसतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठते. परवा तिने आपणहून सांगितलं की लघवीला फेस येतो आणि पाणी ओतलं तरी तो पटकन जात नाही. जळजळ, ताप, कंबरदुखी काही नाही. म्हणून तिचं एकच म्हणणं, "दुखत नाही, मग कसली किडनी?"

रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 1.1, लॅबच्या मर्यादेत. हिमोग्लोबिन 10.2. घरचे निश्चिंत झाले, मला मात्र झोप नाही. गुडघ्यांसाठी ती केमिस्टकडून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून जवळपास रोज घेते, हेही सांगायला हवं. शेजारच्या काकू किडनी साफ करणारा काढा सुचवताहेत, कोणी म्हणतं भरपूर पाणी पाज.

सूज उभं राहण्याची असेल का? कुठली तपासणी करू? कृपया कळवा, मनापासून विचारतेय.

प्रतिसाद

ताई, मी डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तरी लिहितो, कारण आमच्याकडे येणारे कितीतरी जण हेच सांगतात की काही दुखत नव्हतं. किडनी निम्मी थकली तरी बहुतेकदा दुखत नाही.

नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नका. तो आकडा वय, स्त्री-पुरुष आणि स्नायूंवर ठरतो. 62 वर्षांच्या बाईला 1.1 असेल, तर त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, साधारण 57 येतो. 60 च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर तो दीर्घकालीन किडनीविकार धरतात. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबकडून मागून घ्या.

दुसरी तपासणी लघवीची, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. 30 (मिलिग्रॅम/ग्रॅम) च्या आत असेल तर ठीक, 30 ते 300 म्हणजे प्रथिनं गळायला लागलीत, त्याहून जास्त असेल तर गळती बरीच आहे. मधुमेह असलेल्यांनी ही दर वर्षी करायची असते, आणि नेमकी हीच राहून जाते. न जाणाऱ्या फेसामुळे मला पहिली शंका प्रथिनं गळण्याचीच येते.

सूज दिवसभर उभं राहिल्याने येते, अॅम्लोडिपिननेही येते. पण डोळ्यांखालची सूज आणि फेस सोबत असल्याने त्यावर सोडू नका. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. डायक्लोफिनॅकने किडनीवर ताण येतो, ती आजच थांबवा आणि गुडघ्यांसाठी दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. काढा नकोच. सूज असताना जबरदस्तीने पाणीही नको. हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारणही विचारून घ्या.

तुम्ही परळलाच आहात, केईएम रुग्णालयात नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीचा विभाग आहे. सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. धाप लागली किंवा लघवी एकदम कमी झाली, तर ओपीडीची वाट न बघता थेट आपत्कालीन विभागात न्या.

धागाकर्ती

खूप आभार दादा. डायक्लोफिनॅकचं पाकीट काढून ठेवलंय. लघवीचा नमुना सकाळचा लागतो ना? ती चारलाच उठते.

प्रतिसाद

चारची चालेल, उठल्यावरची पहिलीच द्या. ताप किंवा जळजळ असेल त्या दिवशी मात्र टाळा, आकडा उगाच वाढून येतो.