प्रतिसाद : काळ हेच औषध?
'काळ जातो तसा माणूस आपोआप सावरतो' हे मत अनेकांच्या बाबतीत खरे ठरते, पण सर्वांच्या नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. अशा प्रसंगातून वाचलेल्याला पुढे छपराखाली झोपणे नकोसे वाटले, तर त्याला भित्रा म्हणू नये, कारण धोका टळल्याची खात्री त्याच्या मेंदूला अजून पटलेली नसते. दचकणे, दुःस्वप्ने, आठवणी टाळणे महिन्याहून अधिक टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य जावे. आघातकेंद्रित उपचारांत ती आठवण सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने हाताळली जाते. घरच्यांनी मात्र, कितीही मायेपोटी असले तरी, 'सगळे सांगून टाक' असा आग्रह धरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. केव्हा आणि किती बोलायचे, हे त्या व्यक्तीलाच ठरवू द्यावे.