जुन्या शिक्षेमुळे वकिलीची सनद अडलीये, उत्तर काय देऊ?

उंबरठ्यावर:
एलएलबी झालो, सनदेसाठी अर्ज भरला. 'कधी शिक्षा झाली आहे का' या रकान्यात खरं तेच लिहिलं. विसाव्या वर्षी एकाचा मोबाईल उचलला होता मी. भादंवि 379, म्हणजे चोरी. कोर्टाने दोषी धरलं, पण तुरुंगात न धाडता वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. आता नोंदणी समितीची नोटीस आलीये: गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे, अर्ज का नाकारू नये? आई रोज विचारते, काळा कोट शिवायला टाकायचा का. मला तिच्याकडे बघवत नाही. दुसऱ्या राज्यातून अर्ज करू का?

वकीलताई:
दुसऱ्या राज्याचं डोक्यातून काढा. एका राज्याच्या बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, नकार दिला की तो बाकी सगळ्यांना कळवतात. मग त्या कौन्सिलची आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची लेखी संमती असल्याशिवाय दुसरीकडे नाव लागत नाही, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 27.

आधी निकालपत्र काढा आणि बंधपत्र कोणत्या कायद्याखाली घेतलं ते बघा. सगळं त्यावर आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961, कलम 24अ: पोटकलम 1 अशा शिक्षेला अपात्रता लावतं, पण पोटकलम 2 सांगतं की 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टखाली सोडलेल्याला ती लागूच नाही. काही जुन्या निकालांत मात्र सीआरपीसी 360 (तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं बंधपत्रावर सोडण्याचं कलम) लिहिलेलं असतं. तसं असेल तर सुटकेनंतर दोन वर्षं उलटली की अपात्रता संपते, हा मुद्दा घ्या.

आणि समिती परस्पर नकार देऊ शकत नाही. कारणांसह प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवून मत घ्यावंच लागतं, कलम 26. तुमचं उत्तर तिथेही वाचलं जाणार आहे असं समजूनच लिहा. तरीही नकार आला, तर हायकोर्टात रिट.

शिरस्तेदार (निवृत्त):
झेरॉक्स जोडू नका, सही-शिक्क्याची नक्कल जोडा. आणि रकाना खरा भरलात ते फार बरं केलंत. लपवलेलं पुढे निघालं तर मिळालेली सनदही जाते.

उंबरठ्यावर:
ताई, आत्ता पेटीतून निकालपत्र काढलं. शेवटचं पान घडीवर फाटलंय. '1958' स्वच्छ वाचता येतं, कलमाचा आकडा गेलाय. उद्या सकाळी कोर्टात नकलेचा अर्ज देतो. आईला सांगितलं, कापड बघून ठेव.