अभ्यास 'घेणं' कधी थांबवायचं?

रानवारा:
संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या सोसायटीत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "टीव्ही बारीक करा, मी हिचा अभ्यास घेतेय." माझं मत सरळ आहे. तिसरी-चौथीनंतर आईबापांनी शेजारी बसून अभ्यास घेणं बंद करावं. वेळ ठरवून द्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत न्या आणि तिथून उठा.

आमची लेक पाचवीत आहे. 7 × 8 आलं की तिची पेन्सिल थांबते आणि ती माझ्या तोंडाकडे बघते. 54 लिहिलं आणि माझी भुवई हलली, की लगेच खोडरबर. 56 लिहिलं आणि मी गप्प, की पुढचं गणित. म्हणजे पाढा येत नाहीये, आई वाचता येतेय! चूक राहू दे वहीत. उद्या बाई लाल पेनाने गोल करतील.

तिरकस:
लाल गोल? कुठली शाळा हो तुमची? आमच्याकडे वर्ग इतका भरलेला की बाई 'पाहिले' लिहून सही ठोकतात. चिरंजीवांना मोकळं सोडलं तर तासाभराने वहीत फक्त तारीख आणि वार असतो, बाकी रबराचे तुकडे.

त्यात 2023-24 पासून राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. फेरपरीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात बसणार. 2016-17 मध्ये पाचवी-आठवीला नेलेली शिष्यवृत्ती आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. आणि तुम्ही म्हणता, चौथीनंतर उठा! नववीत करू की स्वावलंबी.

उशिरालोकल:
अवांतर: अभ्यास घेणारी दर वेळी आईच का? मी घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात हे खरं, पण रविवारी काय होतं? (स्वतःलाच विचारतोय.)

आजोबा_सातारकर:
आमच्या वेळी कोणी शेजारी बसत नसे. दिवेलागणीला परवचा, त्यात पाढे, पावकी, निमकी, दीडकी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पहाटे पाचला उठवत. आज दीडकी कुणाला येते?

तिरकस:
आजोबा, दीडकीचं मान्य. पण पाचला उठवून जांभया देत केलेलं पाठांतर शाळेत पोचेपर्यंत उडतं. मुलांची झोप होत नाही म्हणूनच तर 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा सरकारी निर्णय निघाला. पहाटेचं कौतुक आता पुरे.

झेडपीमास्तर:
बीड जिल्ह्यात शिकवतो. दिवाळीच्या सुमारास माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात, मुलं आजीकडे राहतात. इथे "अभ्यास घ्यावा की नाही" हा प्रश्नच श्रीमंती वाटतो. एका मुलाच्या आजीला अक्षरओळख नाही. पण चूल पेटली की ती नातवाला समोर बसवते आणि म्हणते, "आज काय शिकिवलं, सांग मला." पुस्तक मिटलेलं. तो अडला की ती म्हणते, "मंग बघ पुस्तकात." तिला उत्तर माहीतच नाही, त्यामुळे भुवई हलण्याचा प्रश्न मिटला!

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं. सुरुवातीलाच सगळ्यात जास्त गळतं. म्हणून त्याच दिवशी आठवून सांगणं, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. नुसता धडा पाच वेळा वाचला की 'आलं' असं वाटतं, येत नसतं. रानवारा, उठू नका. बसा, पण वहीत डोकावू नका.

रानवारा:
मास्तर, आजी आवडली. पण मला उत्तर माहीत आहे हीच अडचण आहे हो. तिने 54 म्हटलं तर मी गप्प राहूच शकत नाही. समोर बसून पोळ्या लाटेन, पाठ तिच्याकडे. इतपत तडजोड करते. शेजारी मात्र नाहीच.

तिरकस:
पाठ करून बसा नाहीतर पडदा लावा, पण सहामाहीचा पेपर आला की धागा वर काढा. आमच्याकडे वेळ सात ते आठ, शेजारी मीच, आणि चूक दिसली की बोट ठेवणार. बाई ठेवणार नसतील तर कोणीतरी ठेवायलाच हवं.

झेडपीमास्तर:
ठेवा की. फक्त पान पूर्ण झाल्यावर ठेवा, आणि कुठे चुकलंय ते त्यालाच शोधू द्या. "या पानात दोन चुका आहेत" एवढंच सांगून बघा.

तिरकस:
आणि त्याने बरोबर असलेली दोन खोडली तर?

झेडपीमास्तर:
तर पाढा येत नाही हे कळलं ना तुम्हाला!