'हीथ'ला मराठीत काय म्हणाल?

दुपाखी: जर्मनीतल्या लुनेबुर्गजवळची हीथ, म्हणजे बुटक्या झुडपांचा उघडा प्रदेश, पाहून आलेल्या एकाचा लेख तपासतेय. त्याने लिहिलेलं 'माळरान' संपादकांनी खोडून 'पडीक जमीन' केलंय. ऑगस्टात नजर जाईल तिथवर जांभळा फुलोरा, राखीव क्षेत्र, मोटारींना बंदी, विल्झेडे गावात जायचं तर पायी, सायकलने नाहीतर घोडागाडीने. हे पडीक? शब्द सुचवा.

कोरडवाहू: माळरानच ठेवा. भांडा.

काटेसावर: माळरान म्हटलं की गवत डोळ्यांपुढे येतं. तिथे रेताड, निकस मातीत बुटकी, चिवट झुडपं. 'झुडूपमाळ' म्हणा.

कोरडवाहू: झुडूपमाळ! बोलतं का कुणी असं? परिपत्रकात शोभेल.

सप्तपर्णी: विदर्भातल्या महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' आहे की.

काटेसावर: जंगल नकोच. जंगल तुटलं, मेंढ्या चरल्या, लोकांनी झुडपं मातीच्या थरासकट खरवडून नेली, म्हणून तर हीथ झाली. आजही हाइडश्नुक मेंढ्या तिथे मुद्दाम चारतात. त्यांनी भूर्ज-पाइनची रोपं खुडली नाहीत तर पुन्हा झाडी माजेल.

दुपाखी: म्हणजे पडीक नाहीच, वहिवाटीतली. हे संपादकांना कळवते.

गणामामा: 'सडा' कसा वाटतो?

सप्तपर्णी: सडा म्हणजे कातळ हो मामा. इथे वाळू आहे.

गणामामा: बरं. पण 'माळरान'ही चूकच. रान म्हणजे शेत. 'आबा रानात गेलेत' म्हणजे पाणी धरायला गेलेत.

सप्तपर्णी: आमच्या कोकणात रानात गेले म्हणजे लाकडं आणायला. अरण्य, रण्ण, रान. सरळ आहे.

गणामामा: व्युत्पत्ती राहू द्या तुमच्यापाशी. शब्द जिथे राबतो तिथला अर्थ खरा.

काटेसावर: अवांतर: जर्मनमध्ये 'हाइडे' स्त्रीलिंगी असेल तर ही जमीन, पुल्लिंगी असेल तर ख्रिस्ती नसलेला माणूस. आपल्याकडे तो माळ आणि ती माळ. माझ्या मते 'रानटी' आणि 'हाइडे' यांची घडण एकच, गावाबाहेरचा तो परका.

कोरडवाहू: तुमच्या मते!

दुपाखी: लेख उद्या जायचाय. संपादक 'ओसाड'वर आलेत. आणि विल्झेडर बेर्ग हे तिथलं १६९ मीटरचं सर्वात उंच ठिकाण, त्याला 'पर्वत' केलंय.

कोरडवाहू: टेकाड म्हणा.

गणामामा: सप्तपर्णी, रानडुक्कर मग कुठलं? शेतातलं की अरण्यातलं?

सप्तपर्णी: राहतं अरण्यात.

गणामामा: आणि खातं?